ओक्सितान कविता, भूमध्यसागरी गळा

बाराव्या आणि तेराव्या शतकांत ओक्सितान भाषेत रचल्या गेलेल्या सुमारे २,५०० कविता हस्तलिखितांत टिकून आहेत. त्या रचणाऱ्या साडेतीनशेच्या आसपास कवींची, म्हणजे त्रुबादूरांची, नावेही आपल्याला माहीत आहेत. या कविता गाण्यासाठीच लिहिलेल्या होत्या. तरीही चाल नोंदवलेल्या कविता निघतात जेमतेम २५०, म्हणजे दहांत एक. त्या चालींतही स्वर कोणता एवढेच कळते. तो किती वेळ धरायचा, ठेका कोणता, साथीला वाद्य होते की नव्हते, गळा मोकळा लावायचा की दाबून, यांपैकी काहीच हस्तलिखित सांगत नाही. आज ही कविता जो कोणी गाईल, त्याला निम्म्याहून अधिक गोष्टी पदरच्या घालाव्या लागतात. मार्सेयचे गायक मानू तेरॉं यांनी ही रिकामी जागा भूमध्य सागराच्या काठावर आजही जिवंत असलेल्या गायकीने भरली. त्यांच्या या कामाला सहसा ‘मिश्रण’ किंवा ‘फ्यूजन’ म्हटले जाते. ते नाव चुकीचे आहे, असे मला वाटते. हे कवितेचे वाचन आहे, गळ्याने केलेला अर्थनिर्णय आहे, आणि त्याची पारखही तशीच व्हायला हवी. या प्रस्तावनेत मला एवढेच मांडायचे आहे.

ओक्सितान ही लॅटिनपासून निघालेली, फ्रेंचची बहीण शोभेल अशी स्वतंत्र भाषा. दक्षिण फ्रान्सचा मोठा पट्टा, इटलीच्या आल्प्समधली काही खोरी आणि स्पेनमधले आरानचे खोरे एवढा तिचा प्रदेश. एके काळी तिचा दबदबा एवढा होता की दान्तेने आपल्या महाकाव्यात आर्नाउत दानियेल या त्रुबादूराच्या तोंडी थेट ओक्सितान ओळी घातल्या. पुढे १५३९ च्या व्हिलेर-कोतेरेच्या फर्मानाने कायदेकानूंच्या कागदावर फ्रेंच सक्तीची झाली, राज्यक्रांतीनंतर ‘एक देश, एक भाषा’ हे धोरण आले, आणि विसाव्या शतकापर्यंत शाळेत ही भाषा बोलणाऱ्या पोराला शिक्षा होत राहिली. १९०४ मध्ये फ्रेदेरीक मिस्त्रालला याच भाषेतल्या कवितेसाठी नोबेल पारितोषिक मिळाले, तरी घराघरांतून तिचे उठून जाणे थांबले नाही. तेरॉं ज्या मार्सेयमध्ये गातात, ते बंदर मराठी वाचकाला सावरकरांच्या १९१० मधल्या उडीमुळे मार्सेलिस या नावाने ओळखीचे आहे. इटालियन, कॉर्सिकन, आर्मेनियन, अल्जीरियन अशा अनेक वस्त्यांनी हे शहर घडवले. १९९० च्या दशकात तेरॉं यांनी साम कार्पिएनिया आणि बार्बारा ऊगो यांच्यासह ‘गाचा एंपेगा’ हा गट काढला. २००१ मध्ये ला प्लेन या मोहल्ल्याच्या नावावरून ‘लू कॉर दे ला प्लानो’ हे पुरुष गायकांचे वृंद उभे राहिले. पुढे ऊदवादक ग्रेगरी दार्जां आणि पॅलेस्टिनी तालवादक युसुफ हबैश यांच्यासह तेरॉं यांनी त्रुबादूरांच्या टीकात्मक कवितांचा ‘सिर्वेंतेस’ हा प्रकल्प केला. माझ्या मांडणीचा मुख्य आधार हा शेवटचा प्रकल्प आहे.

आधी त्या रिकाम्या जागेकडे नीट पाहू. त्रुबादूरांच्या चालींची मोठी हस्तलिखिते मोजकीच आहेत. एक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, एक मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात, आणखी एकदोन. पहिल्या कडव्याच्या शब्दांवर चौकोनी खुणांनी स्वर मांडलेले असतात आणि पुढची कडवी नुसती अक्षरांत दिलेली असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाँ बेक आणि प्येर ओब्री या विद्वानांनी या खुणांना तीन मात्रांच्या ठरावीक साच्यात बसवले, आणि तो शोध कोणाचा यावरून त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. अनेक दशके त्रुबादूरांची गाणी त्याच साच्यात छापली आणि गायली गेली. नंतर हेंड्रिक व्हान डर वर्फ यांनी दाखवून दिले की एकाच गाण्याच्या चाली वेगवेगळ्या हस्तलिखितांत इतक्या वेगळ्या मिळतात की मुळात ठाम मात्रांचा साचा असणे अवघड आहे. गाणारा शब्दांच्या उच्चाराच्या ओघाने लय घेत असावा. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या गाथेत शब्द असतात, चाल नसते, आणि एकच अभंग गावोगावी वेगळ्या चालीत ऐकू येतो, हे ठाऊक असलेल्या वाचकाला हा युक्तिवाद गळी उतरायला वेळ लागू नये. फरक एवढाच की अभंग गाणाऱ्यांची साखळी तुटलेली नाही. त्रुबादूरांची साखळी तेराव्या शतकाच्या अखेरीस तुटली आणि हाती राहिले ते कातड्यावरचे लेखन. ‘मूळ जसे होते तसेच गा’ ही मागणी म्हणूनच ऐकायला रास्त असली तरी पुरी होण्याजोगी नाही. तीन मात्रांचा साचा हाही एक पर्याय होता, ग्रंथालयात बसून निवडलेला. तेरॉं यांनी दुसरा पर्याय निवडला.

मग निवड कोणत्या आधारावर करायची? आधार कवितेतच शोधावा लागतो, आणि इथे सिर्वेंतेस हा काव्यप्रकार मोठा पुरावा देतो. सिर्वेंतेस म्हणजे राजकारणावर, युद्धावर, धर्मगुरूंच्या लोभावर किंवा एखाद्या सरदाराच्या कंजूषपणावर केलेली तिखट रचना. तिचा रिवाज असा होता की चाल नवी करायची नाही. लोकांच्या कानात आधीच बसलेल्या एखाद्या प्रेमगीताची चाल आणि वृत्त उचलायचे आणि त्यावर आपले शब्द बसवायचे. ल प्वी या डोंगराळ गावचा पेइरे कार्देनाल हा या प्रकाराचा सर्वांत धारदार कवी. पाद्री होण्यासाठी शिकवलेला हा माणूस दीर्घायुषी ठरला आणि त्याने पाद्र्यांवरच आयुष्यभर आसूड ओढले. त्याच्या नव्वदांहून अधिक रचना मिळतात. चाली मिळतात तीन, आणि त्यांतल्या दोन दुसऱ्यांच्या आहेत. म्हणजे ज्या कवीला आपण ‘मूळ’ म्हणतो, तोच उसन्या चालीवर गात होता आणि ते त्याला कमीपणाचे वाटत नव्हते. चाल ओळखीची असली की शब्द लगेच पोहोचतात. शत्रूच्या दारापर्यंत जाण्यासाठी ही कविता ओळखीच्या सुरावर स्वार व्हायची.

हे शब्द किती दूर पोहोचत, याची एक नोंद इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, कागदांतच सापडते. तुलूजचा गिल्येम फिगेइरा हा शिंप्याचा मुलगा आणि स्वतःही शिंपी. चर्चने पाखंडी ठरवलेल्या दक्षिणेतल्या आल्बी पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात (१२०९ ते १२२९) त्याचे शहर वेढ्यात सापडले, तेव्हा त्याने रोमच्या पोपसत्तेला थेट उद्देशून एक दीर्घ सिर्वेंतेस रचले. कडव्यामागून कडवे रोमला नाव घेऊन हाक मारत जाब विचारते. तुलूजच्या विध्वंसाबरोबर पूर्वेकडच्या धर्मयुद्धात नाईलच्या मुखावरचे दामिएत्ता गमावल्याचा दोषही तो रोमच्याच माथी मारतो. त्यासाठी त्याने उचललेली चाल होती मेरीमातेच्या स्तोत्राची. स्तोत्राच्या सुरात पोपला शिव्याशाप ऐकू आले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काय काटा आला असेल, याची कल्पना करावी. पुढे १२७४ मध्ये तुलूजच्या बेर्नार्त राइमोन बारान्यो या नागरिकाला चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, रोमला फसवी म्हणणारे पुस्तक तुझ्याकडे आहे काय? त्याने पुस्तकाबद्दल नकार दिला, पण फिगेइरा नावाच्या गवयाची कडवी ऐकल्याचे कबूल केले आणि एक कडवे तिथल्या तिथे, अधिकाऱ्यांसमोर, तोंडपाठ म्हणून दाखवले. युद्ध संपून पंचेचाळीस वर्षे उलटली होती. पुस्तक सापडले असते तर जाळता आले असते; कडवे माणसाच्या तोंडात होते. ही कविता चारचौघांत उच्चारली जाण्यासाठी जन्मली, याहून स्पष्ट पुरावा मागण्याची मला गरज वाटत नाही.

तेरॉं यांची निवड या पुराव्याशी जुळते. ‘सिर्वेंतेस’मध्ये त्यांचा आवाज पुढे असतो; खड्या, छातीतून निघणाऱ्या, काहीशा करकरीत सुरात ते शब्द फेकतात. मध्ययुगीन गाणे म्हटले की युरोपीय मैफलींत जो गोड, निर्मळ, चर्चच्या कमानींत घुमणारा आवाज अपेक्षित असतो, तो इथे औषधालाही नाही. मुक्त लयीतल्या आलापासारख्या सुरुवातीतून ओळ हळूहळू ठेक्यात शिरते. ओळीच्या शेवटी यमकाच्या अक्षरावर ते हरकत घेतात. त्रुबादूरांच्या कवितेत यमक हा रचनेचा कणा आहे, ठरावीक यमके कडव्यामागून कडव्यांत फिरत राहतात, आणि छापील पानावर हे फिरणे डोळ्यांना सहसा जाणवत नाही. इथे ते कानाला जाणवते, कारण दागिना नेमका तिथेच पडतो. दार्जां यांच्या ऊदला पडदे नाहीत. दोन स्वरांमधल्या जागा त्यावर मोकळ्या राहतात आणि गायकाला सुराशी लपंडाव करायला वाव मिळतो. हबैश यांचा ताल ओळीला बांधून ठेवत नाही, तो तिला ढकलत नेतो. परिणामी आठशे वर्षांपूर्वीचा राग आजचा वाटतो. अर्थनिर्णय म्हणतात तो हाच: या कवितेचा मुख्य भाव संताप आहे, हे गायकाने ठरवले आणि आपली प्रत्येक तांत्रिक निवड त्या भावाच्या कामाला लावली.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा आहे, आणि तो हलका नाही. पहिला ज्ञात त्रुबादूर, आक्विताइनचा नववा गिल्येम, पुआतियेचा सरदार. बेर्नार्त दे वेन्तादोर्न लिमुझँ प्रांताचा. कार्देनाल ज्वालामुखींच्या डोंगरांतला. यांपैकी कोणाच्याही गावातून समुद्र दिसत नाही. मग त्यांच्या कवितेवर भूमध्य सागर का लादायचा? उत्तर असे की कवी जन्मले कुठे यापेक्षा कविता फिरली कुठे हे इथे महत्त्वाचे ठरते. नववा गिल्येम ११०१ मध्ये पूर्वेकडच्या धर्मयुद्धावर गेला आणि ११२० मध्ये आरागोनच्या बाजूने स्पेनमध्ये लढला. त्याचा बाप १०६४ मध्ये स्पेनमधल्या बार्बास्त्रोच्या वेढ्यात होता, आणि तिथल्या लुटीत अरबी गाणाऱ्या बंदिवान स्त्रिया विजेत्यांच्या हाती लागल्याचे अरब इतिहासकार नोंदवतात. राइम्बाउत दे वाकेइरास चौथ्या धर्मयुद्धाबरोबर बायझंटाइन मुलखात गेला. तुलूजकडच्या विध्वंसानंतर फिगेइरासारखे कवी लोम्बार्दियात गेले, आणि आज हाती असलेल्या अनेक काव्यसंग्रहांच्या प्रती उत्तर इटलीत, व्हेनेतो भागात लिहिल्या गेल्या. मार्सेयचा त्रुबादूर फोलकेत हा व्यापारी घराण्यातला. पुढे तोच तुलूजचा बिशप झाला आणि धर्मयुद्धाच्या बाजूने उभा राहिला. तरुणपणी रचलेले एखादे प्रेमगीत कोणी त्याच्यासमोर गायले, तर तो त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून पाणी आणि भाकरीवर राही, अशी आख्यायिका आहे. याच फोलकेतची दान्ते स्वर्गात गाठ घालून देतो, तेव्हा फोलकेत आपले गाव सांगताना आधी अख्ख्या भूमध्य सागराचे वर्णन करतो आणि मग मार्सेयची जागा पलीकडच्या काठावरच्या बेजायाच्या संदर्भाने दाखवतो. बेजाया म्हणजे आजच्या अल्जीरियातले बंदर. चौदाव्या शतकातल्या महाकवीला मार्सेयचा पत्ता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सांगावासा वाटला, तर आजच्या मार्सेयच्या गायकाने त्या किनाऱ्याचा ताल घेतला यात ओढूनताणून काय आहे?

इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. त्रुबादूरांची कविता अंदालुसियातल्या, म्हणजे मुस्लिम राजवटीखालच्या स्पेनमधल्या, अरबी कवितेतूनच निघाली, हा सिद्धान्त आकर्षक आहे. गिल्येमच्या काही रचनांची यमकरचना कोर्दोबाच्या इब्न कुझमानच्या जजल या प्रकाराशी मिळतीजुळती आहे, आणि मारिया रोसा मेनोकाल यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात युरोपीय विद्वत्तेने अरबी दुवा मुद्दाम नजरेआड केल्याचे ठामपणे मांडले. तरीही एका काठावरून दुसऱ्या काठावर नेमके काय गेले याचा निर्णायक कागद नाही. तेरॉं यांच्या गाण्याचे समर्थक पुष्कळदा या सिद्धान्तावर सगळा भार टाकतात, ‘बघा, मूळच अरबी होते’ असे म्हणतात. हा कच्चा पाया आहे आणि त्याची गरजही नाही. उद्या हा सिद्धान्त खोटा ठरला तरी ‘सिर्वेंतेस’चे काही बिघडत नाही, कारण त्याचे समर्थन वंशावळीत नाही, गाण्याच्या कामगिरीत आहे: न लिहिलेली लय, शब्दप्रधान गायकी, यमकावरची हरकत आणि चारचौघांतले ठणकावणे, या चार गोष्टी एकत्र सांभाळणारी कसबी परंपरा आज भूमध्य सागराकाठी जिवंत आहे, म्हणून ती घ्यायची.

दुसरा आक्षेप बाजाराचा. ‘भूमध्यसागरी’ हे आता नुसते लेबल झाले आहे. जरा ऊद, जरा डफ, मागे लाटांचे चित्र, की झाले. शिवाय हे नवेही नाही. म्युनिकच्या थॉमस बिंकली यांच्या गटाने १९६० नंतर मोरोक्कोतल्या अंदालुसी संगीतापासून स्फूर्ती घेऊन त्रुबादूरांना अशीच साथ दिली होती, आणि पुढे कित्येक ध्वनिमुद्रिकांत पौर्वात्य रंगाची ती टूमच निघाली. त्याही आधी, १९४३ मध्ये, मार्सेयच्या ‘काये द्यु स्यूद’ मासिकाने ओक्सितान प्रतिभा आणि भूमध्यसागरी माणूस यांवर विशेषांक काढला होता आणि त्यात तत्त्वचिंतक सिमोन व्हेईने टोपणनावाने लेख लिहिले होते. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये सहिष्णू, मिळूनमिसळून राहणाऱ्या दक्षिणेचे ते चित्र आधाराचे होते, पण त्यात स्वप्नरंजनही पुष्कळ होते. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. वाद्ये रंगासाठी येतात तेव्हा गाणे पोकळ होते, आणि अशा ध्वनिमुद्रिका ढिगाने आहेत. ओळखायची खूण साधी आहे: वाद्ये काढून घेतली तर कविता उभी राहते का? तेरॉं यांच्या बाबतीत ती उभी राहते, याचा पुरावा ‘लू कॉर दे ला प्लानो’ देतो. तिथे ऊद नाही, तंतुवाद्यच नाही. पाच-सहा गळे, टाळ्या, जमिनीवर आपटलेले पाय, आणि बेंदीर व तांबुरेल्लो ही आपल्या डफाच्या जातीची चर्मवाद्ये, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे. बेंदीरच्या कातड्यामागे ताणलेल्या दोऱ्यांमुळे थापेला एक झणझण येते आणि ती पुरुषांच्या धरलेल्या खर्जात मिसळते. या झणझणीवर शब्द तरंगत नाहीत, रोवले जातात.

याच वृंदाबद्दल तिसरा आक्षेप येतो: मार्सेय ज्या प्रांतात येते त्या प्रोव्हान्समध्ये असे बहुस्वरी गायन होते तरी कुठे? कॉर्सिकाची पाग्येल्ला गायकी युनेस्कोने २००९ मध्ये तातडीच्या संरक्षणाच्या यादीत घेतली, सार्दिनियाचे ‘कान्तू आ तेनोरे’ तर त्याआधीच मानांकित झाले. तिथे बापाकडून मुलाकडे आलेली परंपरा आहे. मार्सेयला तशी नाही. दामाझ आर्बो यांनी १८६२ आणि १८६४ मध्ये छापलेल्या प्रोव्हान्सच्या लोकगीतांच्या संग्रहासारख्या साधनांतून मिळतात त्या एकेरी चाली. म्हणजे हे बहुस्वरी गायन नव्याने घडवलेले आहे, आणि ते तसे आहे हे उघड सांगितले पाहिजे. नवे घडवणे हा दोष नाही. नव्याला पुरातन म्हणून खपवणे हा दोष आहे. २००३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत वृंदाने लोकांतली धार्मिक गाणी घेतली आणि तीही रस्त्यावरच्या जोमाने गायली. मार्सेयला ओक्सितानमधून शहरी कष्टकऱ्यांचे गाणे लिहिण्याचा वारसाही आहे. पाववाल्याचा मुलगा व्हिक्टर जेल्यू (१८०६ ते १८८५) याने मिस्त्रालच्या मंडळींच्या हिरव्यागार खेड्यापासून दूर राहून गोदीतल्या, गल्लीतल्या माणसाची रांगडी बोली कवितेत आणली. तेरॉं यांचा आवाज मला या वारशाशी अधिक सुसंगत वाटतो. ते जे नवे घडवतात त्याची पाळेमुळे शहराच्या बोलीत आहेत, वस्तुसंग्रहालयात नाहीत.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरे उत्तर नाही. हे गाणे ऐकणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना, फ्रान्समध्येसुद्धा, शब्द कळत नाहीत. शब्दप्रधान गायकीचे समर्थन करायचे आणि शब्द न समजणाऱ्या श्रोत्यांच्या टाळ्या घ्यायच्या, ही विसंगती खरी आहे. मैफलीने भाषा वाचत नाही. भाषा घरात, शाळेत, दुकानात बोलली गेली तरच वाचते. फ्रान्सच्या राज्यघटनेत १९९२ पासून ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच’ हे कलम आहे, आणि युरोपच्या प्रादेशिक भाषांच्या सनदेवर १९९९ मध्ये सही करूनही त्या देशाने ती आजवर मंजूर केलेली नाही. अशा परिस्थितीत गाण्याने जे होते ते मर्यादित आहे: भाषेची लाज कमी होते. ‘गावंढळ बोली’ म्हणून जी तरुणांनी टाकून द्यावी अशी शिकवण होती, ती भरल्या सभागृहात तावातावाने, अभिमानाने ऐकू येते. हे कमी नाही. पण पुरेसेही नाही, आणि तेरॉं यांच्या चाहत्यांनी ते पुरेसे असल्याचा आव आणू नये.

मराठी श्रोत्यांना त्यामुळे माझी एक विनंती आहे. ‘सिर्वेंतेस’ ऐकण्यापूर्वी त्या कवितांचा अर्थ, इंग्रजी किंवा फ्रेंच अनुवादातून का होईना, आधी वाचा. कार्देनाल कोणावर चिडला आहे, फिगेइरा रोमला काय विचारतो, हे माहीत करून घ्या. मग ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ओळींच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. गायकाची निवड पटते की नाही हे तुम्हाला तिथे ठरवता येईल. आणि ती न पटल्यास हीच कविता जॉर्डी सव्हाल किंवा क्लेमेन्सिच यांच्या गटांकडून ऐकून ताडून पाहा.